आधी वही, मग घण

"स्वयंपाकघर वाढवायचं, त्याला कसलं आलंय बजेट? मागची भिंत पाडायची, आठ-दहा फूट बाहेर सरकायचं, वर छत टाकायचं. ठेकेदार फुटाचा दर सांगतो, त्याला क्षेत्रफळाने गुणलं की आकडा तयार. आणि कितीही काटेकोर हिशेब मांडा, शेवटी खर्च दुप्पट होतोच. मग आधी डोकेफोड कशाला? काम तर सुरू करू, पैशाचं पुढे बघू."

जयपुरात घराचं काम काढणाऱ्यांच्या तोंडून मी हे सतत ऐकते. राजस्थान हाउसिंग बोर्डाने वसवलेल्या मानसरोवर, प्रतापनगर, मालवीयनगर या वसाहतींमधल्या जुन्या घरांची स्वयंपाकघरं मुळात लहान. काळ बदलला, एकदारी फ्रिजच्या जागी दोनदारी आला, पाण्याचं आरओ आलं, मायक्रोवेव्ह आला, आणि ओट्यावर पोळपाट ठेवायला जागा उरली नाही. म्हणून गल्लोगल्ली मागच्या अंगणात स्वयंपाकघर सरकवण्याची कामं निघतात. या बाबतीत इथली मराठी कुटुंबं आणि त्यांचे मारवाडी शेजारी यांच्यात काडीचा फरक नाही. पुण्या-नाशकात बाल्कनी आत घेताना बोलली जाणारी वाक्यंही हीच. लोक ठेकेदाराचं एस्टिमेट नजरेखालून घालायला माझ्याकडे आणतात, पण आणतात ते भिंत पडल्यावर. त्या वेळी कागदावर खूण करण्यापलीकडे कुणाच्याच हातात फारसं काही उरलेलं नसतं.

हे मत नुसतं चुकीचं असतं तर मी एवढी चिडले नसते. त्याचा भुर्दंड बोलणाऱ्याला पडत नाही, म्हणून मी चिडते. 'पुढे बघू' म्हणणारा सकाळी कामावर जातो. चुकलेल्या ओट्यापुढे पुढची वीस वर्षं दुसरंच कुणीतरी उभं राहतं.

फुटाच्या दराची गोष्ट आधी घेऊ, कारण सगळ्या गोंधळाचं मूळ तिथे आहे. समजा, दहा बाय आठ म्हणजे 80 चौरस फुटांची वाढ करायची आहे आणि ठेकेदाराने मालासकट 2,000 रुपये फूट असा दर सांगितला. झाले 1,60,000 रुपये. (आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, तुमच्याकडचा दर काहीही असो, चूक तीच राहते.) या पैशांत काय येतं? पाया, तीन भिंती, छत, गिलावा, साधी फरशी. म्हणजे एक खोली येते. स्वयंपाकघर येत नाही.

ओट्याचा हिशेब वेगळा. ग्रॅनाइट चौरस फुटाने, त्याच्या कडेची गोलाई आणि पॉलिश रनिंग फुटाने, सिंक आणि शेगडीसाठी दगडात कापायची जागा आणखी वेगळ्या मजुरीने. ओट्याखालचे आधार, भिंतीवरच्या टाइल्स, सिंक, नळ, चिमणी, तिचा डक्ट, ट्रॉल्या, वरची कपाटं, यांतलं काहीही त्या दरात नसतं. विजेचं तर कुणी बोलतच नाही. झोपायच्या खोलीला एक पंखा, दोन दिवे आणि दोन-तीन प्लग पुरतात. स्वयंपाकघरात फ्रिज, मिक्सर, मायक्रोवेव्ह, इंडक्शन, आरओ, चिमणी आणि गीझर यांना प्रत्येकी जागच्या जागी प्लग लागतो. त्यांतल्या जड यंत्रांना 16 अँपिअरचा प्लग आणि मेन बोर्डापासून निघालेली जाड, स्वतंत्र तार हवी. मेन बोर्ड घराच्या दर्शनी भागात आणि नवं स्वयंपाकघर मागच्या टोकाला. म्हणजे ती तार आख्खं घर पार करून न्यायची, भिंती खोदायच्या, पुन्हा गिलावा, पुन्हा रंग. घरातलं पाणी, वीज आणि आग ज्या एका खोलीत एकत्र येतात, तिची किंमत बेडरूमच्या दराने कशी निघेल?

आता सांडपाण्याकडे पाहा. सिंकचा पाइप साधारण चाळीसास एक या उताराने न्यावा लागतो, म्हणजे दर दहा फुटांमागे तीन इंच खाली. स्वयंपाकघर वाढवताना सिंक ड्रेनेजच्या चेंबरपासून बारा फूट लांब गेलं, तर पाइप साडेतीन इंचांहून जास्त उतरायला हवा. ते साडेतीन इंच आणायचे कुठून? नव्या खोलीची फरशी उचलायची, तर मधे पायरी येते आणि हातात गरम कुकर घेऊन ती रोज चढायची-उतरायची. चेंबर खोल करायचा, तर पुढची सगळी लाइन तपासायची. काहीच न करता पाइप जवळजवळ सपाट टाकायचा, तर तूप-तेल थंड होऊन पाइपात थिजतं. जयपूरच्या जानेवारीत तर थिजतंच थिजतं. मग महिन्याआड कुणाला तरी बोलावून पाइप मोकळा करून घ्यायचा. हे साडेतीन इंच कोणत्या फुटाच्या दरात बसवले होते? ते कागदावर असते तर सिंक दुसऱ्या भिंतीला गेलं असतं आणि खर्चच झाला नसता. मी योजना म्हणते ती एवढीच. ठेकेदाराच्या बोलण्यात मात्र या प्रश्नाचं उत्तर एकच असतं, "हो जाएगा."

यानंतर येतो तो हुकमी मुद्दा, की खर्च दुप्पट होतोच. जणू काही ते साडेसातीसारखं आपल्या पत्रिकेत लिहिलेलं आहे. मला विचारायचं आहे, दुप्पट होतो म्हणजे नेमकं काय होतं? विटांचा भाव एका महिन्यात दुप्पट झाला का? गवंड्याची मजुरी दुप्पट झाली का? तसं काही झालेलं नसतं. भिंत पाडल्यावर ओट्याची दिशा बदलली जाते. टाइल्स बसल्यावर आरओचा प्लग आठवतो. छत टाकून झाल्यावर चिमणीच्या डक्टला भोक पाडलं जातं. ग्रॅनाइट कापून आल्यावर शेगडी मोठी घ्यायचं ठरतं. यातली प्रत्येक गोष्ट आधी सुचली असती तर एकदाच झाली असती. उशिरा सुचली म्हणून ती दोनदा करावी लागते, आणि तोडफोडीची मजुरी तिसरी. वाढलेला खर्च हा बहुतांशी उशिरा घेतलेल्या निर्णयांचा दंड असतो. तो आपणच भरतो आणि नशिबाच्या नावावर टाकतो.

यावर भावांच्या चढउताराचा दाखला दिला जातो. जयपूरकरांकडे त्यासाठी चांगलं उदाहरणही आहे. इथल्या बांधकामाला लागणारी वाळू, जिला इथे बजरी म्हणतात, ती मुख्यतः टोंककडून, बनास नदीतून येते. नोव्हेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या 82 पट्टेधारकांच्या वाळूउपशाला मनाई केली, कारण नदीत वाळू पुन्हा किती भरते याचा अभ्यास आणि पर्यावरणाची मंजुरी नव्हती. ती मनाई नोव्हेंबर 2021 मध्ये उठली. मधल्या काळात बजरीने लोकांना रडवलं हे खरं आहे. पण त्यातून निष्कर्ष काय काढायचा? एका मालाचा भाव बेभरवशाचा आहे, म्हणून बाकीचा हिशेबही करायचा नाही? उलट अशा वेळी आपल्याला नेमकी किती बजरी लागणार हे माहीत असायला हवं. म्हणजे भाव वाढला तर किती रुपयांचा फटका बसेल ते दोन मिनिटांत कळतं. प्रमाण माहीत नसेल तर ठेकेदार 'बजरी महागली' एवढं म्हणून हवा तो आकडा सांगू शकतो, आणि त्याला प्रश्न विचारायची सोय तुमच्याकडे राहत नाही. शिवाय भाव उतरतातही. 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. ज्याच्या वहीत सिमेंटच्या गोण्यांचा आकडा होता, त्याला ही कपात मागता आली. ज्याने 'फुटाचा दर' ठरवला होता, त्याने काय मागितलं असेल?

अनिश्चितता असते, हे मी मान्य करते, आणि एवढंच मान्य करते. तिच्यासाठीच राखीव रक्कम ठेवायची असते. जुन्या घराला हात लावताना एकूण अंदाजाच्या 15 ते 20 टक्के रक्कम बाजूला ठेवावी, असं माझं मत आहे. ती रक्कम जमिनीखाली आणि भिंतीआड जे निघेल त्यासाठी आहे: वाळवी, पोकळ भराव, गंजलेला पाइप. मधेच आवडलेल्या इटालियन टाइल्ससाठी ती नाही. हा फरक पाळला नाही तर राखीव रक्कम पहिल्या पंधरवड्यातच संपते.

आता त्या भिंतीकडे वळते, जी 'पाडायची' असते. जयपूरच्या जुन्या घरांमध्ये छत बहुतेक वेळा दगडी पट्ट्यांचं असतं. दोन-तीन इंच जाडीच्या लांब दगडी पट्ट्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर टेकवलेल्या, सांधे भरलेले, वर चुन्याचा किंवा काँक्रीटचा थर. पट्टीचं टोक भिंतीत जेमतेम काही इंच गेलेलं असतं आणि आख्खा भार त्या काही इंचांवर असतो. स्वयंपाकघराची मागची भिंत ही अनेकदा हीच भार घेणारी भिंत असते. काँक्रीटच्या स्लॅबमध्ये सळ्या असतात. तो मोडण्याआधी वाकतो, त्याला तडे जातात, सूचना मिळते. दगडाच्या पट्टीत सळई नसते. ती सूचना देत नाही, सरळ तुटते.

अशी भिंत काढायची रीत ठरलेली आहे. आधी छताला खालून टेकू लावायचे, मग पट्ट्यांच्या टोकांखाली लोखंडी गर्डर किंवा काँक्रीटची तुळई बसवायची, तिच्या दोन्ही टोकांना भार पेलणारी पक्की बैठक द्यायची, आणि त्यानंतरच तुळईखालची भिंत थोडी थोडी काढायची. गर्डर किती जाडीचा हवा, हे पट्ट्यांची लांबी, वरच्या मजल्याचा भार आणि उघडायच्या जागेची रुंदी यांवरून ठरतं. ते मिस्त्रीच्या अंदाजाने ठरत नाही. "आमचा मिस्त्री तीस वर्षं हेच काम करतोय, त्याला इंजिनिअर काय शिकवणार?" हे मला नेहमी ऐकवलं जातं. मिस्त्रीच्या हाताबद्दल मला आदर आहे. पट्टी कशी उचलायची, कशी टेकवायची, हे तो कुठल्याही इंजिनिअरपेक्षा चांगलं जाणतो. पण तुमच्या छतावर पाण्याची टाकी नेमकी कुठे आहे, वर पुढे खोली चढवायची आहे का, खालची माती भरावाची आहे का, हे तीस वर्षांच्या अनुभवाला घर न तपासता कसं कळेल? एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ असलेली इंजिनिअरची फी वाचवायची आणि डोक्यावरचं छत पणाला लावायचं, याला काटकसर म्हणायचं का?

जुन्याला नवं जोडताना आणखी एक गोष्ट सर्रास विसरली जाते. जुनं घर आपल्या पायावर बसून कित्येक वर्षं झालेली असतात, नवा पाया अजून बसायचा असतो. दोघांच्या सांध्यात फट पडणार हे धरूनच तो सांधा बांधावा लागतो, वरून वॉटरप्रूफिंग करून झाकावा लागतो. नाहीतर पहिल्याच श्रावणात त्या रेघेतून पाणी ओट्यावर उतरतं. काँक्रीटचा स्लॅब टाकणार असाल तर पाण्याचाही हिशेब हवा. उष्ण, कोरड्या हवेत नवं काँक्रीट निदान दहा दिवस ओलं ठेवावं, असं भारतीय मानक सांगतं. जयपूरचा मे महिना, पारा 45 अंशांकडे आणि नळाला ठरावीक वेळच पाणी. टँकर लागणार. तो कोणाच्या एस्टिमेटमध्ये असतो?

परकोट्याच्या, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहराचा प्रश्न तर आणखी नाजूक आहे. सवाई जयसिंहांनी 1727 मध्ये वसवलेलं हे शहर 2019 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथल्या जाडजूड भिंती दगड आणि चुन्याच्या. त्यांवर सिमेंटचा गिलावा थापला की आतली ओल आत कोंडते आणि काही वर्षांत पोपडे सुटतात. तिथे काम करणारा कारागीर वेगळा, माल वेगळा, वेळ वेगळा आणि परवानगीही वेगळी. मानसरोवरचा दर तिथे लावणाऱ्याने निदान ती भिंत एकदा हात लावून पाहावी.

परवानगीचं नाव काढलं की लोक माझ्यावर उखडतात. "मागची जागा आमची. पैसे आम्ही भरले. सगळी गल्ली असंच करते." जागा तुमची आहे, यात वाद नाही. पण ती मोकळी का सोडली, हा प्रश्न कुणी विचारत नाही. ओळीने बांधलेल्या घरांना उजेड आणि वारा फक्त पुढून आणि मागून मिळतो. मागची पट्टी छताखाली गेली की जुनं स्वयंपाकघर आणि मधली खोली दिवसाही दिवा लावल्याशिवाय वापरता येत नाही. ड्रेनेजचा चेंबर अनेकदा त्याच पट्टीत असतो. तो फरशीखाली गेला की तुंबल्यावर नवीकोरी फरशी फोडावी लागते. जयपूर विकास प्राधिकरण 1982 पासून आहे, इमारतींचे उपविधी आहेत, आणि मागे-बाजूला किती अंतर सोडायचं हे त्यांत ठरवलेलं असतं. नियमाबाहेरचं बांधकाम उद्या पाडायला लागलं, घर विकताना अडलं किंवा बँकेने कर्ज देताना नकाशा मागितला, तर 'सगळी गल्ली' तुमच्यासाठी पुढे येणार आहे का? परवानगीचा खर्च आणि तिला लागणारे आठवडे हे बजेटचेच भाग आहेत. गल्लीने ते टाळले म्हणून ते नाहीसे होत नाहीत.

वाऱ्याचा प्रश्न तर थेट जिवाशी आहे. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, फरशीलगत साचतो. चारी बाजूंनी बंद केलेल्या वाढीव खोलीत छताजवळ एक एक्झॉस्ट फॅन बसवून 'हवा खेळती झाली' म्हणणाऱ्यांना ही साधी गोष्ट कुणीतरी सांगायला हवी. खाली, फरशीलगत, बाहेर उघडणारी जाळी हवी. ती भिंत बांधताना ठेवली तर फुकटात होते.

आता सगळ्यात रुजलेली समजूत: जागा वाढली की सोय झाली. राष्ट्रीय इमारत संहिता, 2016 नुसार जेवणाची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर निदान 5 चौरस मीटरचं, म्हणजे साधारण 54 चौरस फुटांचं आणि किमान 1.8 मीटर रुंद हवं. तिथेच जेवायचंही असेल तर 7.5 चौरस मीटर. म्हणजे संहितेच्या दृष्टीनेही लहान जागेत स्वयंपाक नीट होऊ शकतो. 1926 मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं. ते 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब होतं, म्हणजे सुमारे 70 चौरस फूट. आपल्या उदाहरणातली नुसती वाढसुद्धा त्याच्यापेक्षा मोठी आहे. त्यांनी रेल्वेच्या डायनिंग कारमधली स्वयंपाकघरं अभ्यासली, कुठल्या कामाला किती पावलं पडतात ते मोजलं, आणि मग भिंती आखल्या. तसली सुमारे 10,000 स्वयंपाकघरं बांधली गेली. त्या अरुंद खोलीत एकावेळी एकच माणूस काम करू शकतो, अशी टीका पुढे झाली आणि ती रास्तच होती. आपल्याकडे सणावाराला तिघीजणी एकदम ओट्याशी असतात, त्यामुळे तो नकाशा उचलून इथे बसवा असं मी म्हणत नाही. त्यांनी कामाला जी सुरुवात केली ती घ्या, असं म्हणते. काम आधी मोजलं, भिंत नंतर.

आपल्याकडे काय होतं? नवी खोली झाली तरी फ्रिज जुन्या स्वयंपाकघरात राहतो, सिंक नव्या टोकाला जातं आणि शेगडी मधे. भाजी काढायला एकीकडे, धुवायला दुसरीकडे, फोडणीला तिसरीकडे. जागा दुप्पट झाली आणि पायपीटही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्या कामात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांची 97. ज्या खोलीत एक व्यक्ती रोजचे इतके तास काढते, तिचा नकाशा ठरताना ती व्यक्ती चहा करायला आत गेलेली असते. हे मी अलंकारिक बोलत नाही. ठेकेदार, घरमालक आणि त्यांचा मेहुणा दिवाणखान्यात बसून ओट्याची उंची ठरवताना मी पाहिले आहेत. ठरली ती 36 इंच, कारण कुठल्याशा शोरूममध्ये तेवढी होती. घरातल्या वहिनी पाच फुटांच्या आतबाहेर. त्यांना 32 इंचांचा ओटा हवा. 36 इंचांच्या ओट्यावर पोळ्या लाटताना खांदे वर उचलावे लागतात, रोज, दोन वेळा. चार इंच कमी केल्याने एक रुपयाही वाढला नसता. विचारलं असतं तर.

आणि साहित्य? मकराण्याचा संगमरवर जयपूरपासून फार लांब नाही, म्हणून ओट्याला तोच हवा, असा हट्ट धरणारे आहेत. संगमरवर हा मुळात चुनखडीचाच खडक. लिंबू, चिंच, कोकम सांडलं की त्याची चकाकी जाते, हळदीचा डाग तर तो पिऊनच टाकतो. आमटीत आमसूल घालणाऱ्या घराने त्या ओट्यावर पैसे का घालावेत? ट्रॉल्यांसाठी 'वॉटरप्रूफ' प्लाय म्हणून जे खपवलं जातं, त्यावर आयएस 710 ही खूण आहे का, ते पाहावं. आयएस 303 चा साधा व्यापारी प्लाय सिंकखाली टिकत नाही. आणि राजस्थानच्या जमिनीतली वाळवी लक्षात घेता तळमजल्यावर फरशी घालण्याआधी जमिनीत वाळवीप्रतिबंधक औषध मारून घ्यायलाच हवं. फरशी बसल्यावर त्याच कामाला कितीतरी पट खर्च येतो.

एक खर्च तर कुणाच्याच कागदावर मी आजवर पाहिलेला नाही. काम चालू असताना स्वयंपाक कुठे होणार? दोन महिने लागतील असं सांगतात. दिवाळी, होळी किंवा लग्नसराई मधे आली की मजूर गावी जातात आणि दोनाचे चार होतात. तोवर शेगडी व्हरांड्यात, भांडी बाथरूममध्ये धुवायची, धान्याच्या डब्यांवर सिमेंटची धूळ, आणि वरून मे-जूनची आँधी. घरात मधुमेही सासरे आहेत, शाळेचे डबे आहेत. "बायका करतात हो कसंही." हे वाक्य मी सुशिक्षित माणसांकडून ऐकलं आहे आणि त्याचा मला मनापासून संताप येतो. कसंही करण्याला खर्च नाही, असं कुणी ठरवलं? तात्पुरत्या ओट्याला, नळाला, बाहेरून आणलेल्या जेवणाला पैसे लागतात. ते बजेटमध्ये लिहा. लिहिले की कळतं, आणि मग काम लवकर संपवायची घाई फक्त एकाच माणसाला राहत नाही.

मला विरोध करणारे शेवटी म्हणतात, "एवढा विचार करत बसलं तर काम कधीच सुरू होणार नाही." या सगळ्याला किती वेळ लागतो? इंजिनिअरची एक भेट. जमिनीवर खडूने ओटा, सिंक, फ्रिज आखून आठवडाभर त्या रेघांमध्ये वावरून पाहणं. यंत्रांची यादी. तीन ठेकेदारांकडून एकाच यादीवर दर, म्हणजे तुलना तरी करता येते. विटा, सिमेंट, बजरी, लोखंड यांची प्रमाणं. कामाच्या टप्प्यांना बांधलेले हप्ते: पायाला इतके, छताला इतके, आणि शेवटचा हप्ता पाणी सोडून, प्लग तपासून, उतार पाहून झाल्यावर. महिनाभराचं काम. ज्या घराने अपुऱ्या स्वयंपाकघरात पंधरा वर्षं काढली, त्याला हा एक महिना जड का व्हावा?

पावसाळा संपला की जयपुरात पुन्हा कामं निघतील आणि ठेकेदार ॲडव्हान्स मागायला दारात येईल. माझी विनंती आहे: त्याच्या हातावर पैसे ठेवण्याआधी मालाची प्रमाणं, प्लगच्या जागा, पाइपाचा उतार, गर्डरचं माप आणि ओट्याची उंची एका कागदावर लिहून घ्या, आणि त्या ओट्यापुढे जी उभी राहणार आहे तिने तो कागद वाचून हो म्हटल्याशिवाय भिंतीला घण लावू देऊ नका.